आईचा फोटो स्पष्ट होत गेला

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर एकेका कुटुंबाचा फोटो झळकायचा आणि लोक श्वास रोखून बघायचे. आमच्या घरचा फोटो आला तेव्हा वहिनी किंचाळलीच. एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेल्या तिघांपैकी दादा-वहिनी लख्ख दिसत होते. मधली आई तेवढी धुक्यात हरवल्यासारखी.

"डोळ्याला कातडी दिसते, लेन्सला आत्मा!" बाबा माइकवर गरजले. फोटोवरून माणसाचा आत्मा ओळखतात म्हणून लोक त्यांना लेन्सबाबाच म्हणायचे. "या माउलीचा आत्मा दारात उभा आहे. सुया टोचून टोचून तुम्हीच त्याला हाकलताय!"

सुया म्हणजे इन्सुलिन. आईला ते रोज लागायचं.

मी दुसऱ्या गावी विज्ञान शिकवते. वहिनीने फोनवर हे सांगितलं आणि मी लगेच दादाला फोन लावला.

"दादा, इंजेक्शन बंद करू नकोस. हात जोडते."

"आधी फोटो बघ. कॅमेरा कधी खोटं बोलतो का?"

"कॅमेरा नाही बोलत, माणसं बोलतात."

"तुला पुस्तकाबाहेरचं काही दिसतच नाही," म्हणून त्याने फोन ठेवला.

बाबांनी काढा दिला. रोज संध्याकाळी त्यांचा शिष्य नवा फोटो काढायचा, आणि रोज आई जराशी स्पष्ट. दादा हरखून मला पाठवायचा, "बघ, नाक दिसायला लागलं!" शेवटी मी हट्टाने आईलाच फोनवर घेतलं.

"फार तहान लागते गं," ती कशीबशी म्हणाली. "पण फोटो छान येतोय म्हणे."

तशीच निघाले. पोचले तेव्हा आई बेशुद्ध होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?" दादाने काढ्याची बाटली पुढे केली. आई पुन्हा डोळे न उघडताच गेली. तिच्या शेवटच्या फोटोत मात्र सुरकुती न सुरकुती दिसत होती.

दुःख आवरून मी ते सगळे फोटो मांडून बसले. लेन्सला अंतर कळतं, समोर कोण माणूस आहे ते कळत नाही. एकाच अंतरावर बसलेल्या तिघांपैकी मधलीच कशी पुसट होईल? दादाच्या बाहीचं टोकही आईबरोबर पुसलं गेलं होतं. कॉम्प्युटरवर आईच्या कडेने रेघ फिरवताना शिष्याचा हात घसरला होता.

बाबांच्या पुढच्या सभेत मी पुढे गेले, पडद्याची वायर शिष्याच्या कॉम्प्युटरमधून उपटली आणि माझ्या लॅपटॉपला लावली. पडद्यावर बाबांचंच पोस्टर आलं. सर्वांसमोर मी त्यांच्या आकृतीभोवती रेघ फिरवली, पुसट करायची एक पट्टी सरकवली आणि बाबा विरघळले. मागचा पडदा, बाजूची फुलदाणी सगळं जागच्या जागी.

"बाबांचा आत्मा निघाला हो!" मी म्हणाले. "कुणी काढा आणता का?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी पट्टी उलटी सरकवली. बाबा परत आले.

"असंच रोज थोडं थोडं माझ्या आईला परत आणलं यांनी. पडद्यावर."

"नास्तिक बाई! हिला बाहेर काढा!" बाबा ओरडत होते, पण त्यांचा एक डोळा मागच्या दाराकडे होता. थोड्या वेळाने त्याच दाराने ते गेले.

दादाही सभेला आला होता. घरी परतताना मला वाटलं, आता तो रडेल. दारात थांबून तो म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण पहिल्या फोटोत दिसलं तसंच झालं ना? आई गेलीच ना?"

त्याचं उत्तर मी इथे लिहिते.

आई फोटोमुळे गेली नाही, दादा. आपण तिचं औषध काढून घेतलं म्हणून गेली. हे तू मान्य करशील की नाही, मला माहीत नाही. वाचणाऱ्यांना मात्र सांगते: चित्रात माणूस पुसट करणं, ठळक करणं हा बोटाचा खेळ आहे. तो कुणालाही शिकता येतो. घरातलं माणूस कसं आहे ते त्याच्या जवळ बसून त्यालाच विचारा, मग डॉक्टरांना विचारा. आणि कुणाच्याही सांगण्यावरून त्याचं औषध थांबवू नका.