खुणेखाली गेलेलं तेल

गाडीखाली सरकवून ठेवलेला पुठ्ठा ड्रायव्हरकाकांनी दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढला, उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. पुठ्ठा कोरडा ठणठणीत. कालपासून तो इंजिनाच्या बरोबर खाली होता. पण तेलाचा एक टिपूस त्यावर पडला नव्हता.

बॉनेट वर करून त्यांनी पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची छोटी डबी शोधली. फडक्याने झाकण पुसलं, मगच उघडलं. झाकणाला आतून जोडलेली, तेल मोजायची पट्टी वर आली. लाल तेल खुणेच्या बोटभर खाली होतं. आठवड्यात तिसऱ्यांदा.

"काका, आता मी काय आरती ओवाळू का हिला?" शेजारी उभा असलेला मेकॅनिक म्हणाला. हळू बोलणं त्याला जमतच नसे, म्हणून सारी गल्ली त्याला भोपू म्हणायची. "पंप कोरडा, पाइप कोरडे, चाकाकडचे रबरी बूट कोरडे. पट्टा ताणलेला. गळत कुठंच नाही."

"मग तेल गेलं कुठं?"

"तेच तर! प्यायलं का कुणी?"

"गाडीला हात लावणारा तू एकटाच आहेस."

भोपूने हात पुसता पुसता थांबून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे माझ्यावर संशय?"

"संशय नाही रे. विचारतोय."

"तुमचं विचारणं म्हणजे फौजदाराचं विचारणं!"

भोपू पाने-पकडी गोळा करून निघून गेला. त्याच्या पाठीकडे काका बघत राहिले. एकतीस वर्षं त्यांनी दवाखान्याची अँब्युलन्स चालवली होती. तिच्या अंगावर कधी ओरखडा उमटला नव्हता. त्यांचा नेम एकच. गाडी चालू करायची, स्टिअरिंगचं चाक डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवायचं, कान द्यायचा. चाक जड लागलं, पंप कण्हला, की गाडी जागची हलवायची नाही. मग आत राजा बसलेला असो वा रंक. आणि सोमवारपासून तर आत नात बसणार होती. मुलीची नवी नोकरी सकाळची. नातीला शाळेत सोडायचं काम काकांनी छाती पुढे काढून मागून घेतलं होतं.

सगळं सुरू झालं पंधरा दिवसांपूर्वी. पाण्याच्या टाकीच्या वळणावर गाडी एका सायकलवालीला घासून गेली. ती पडता पडता सावरली, चार शब्द बोलली, निघून गेली. "स्टिअरिंग जड झालं, वळलंच नाही," काका म्हणाले होते. शेजारी बसलेल्या बायकोने पर्स पोटाशी धरली होती, घर येईपर्यंत. त्याच संध्याकाळी भोपूने तपासलं, तर तेल खुणेवर, चाक लोण्यासारखं. "यात काहीच नाही, काका," तो म्हणाला, आणि काकांनी त्याला उडवून लावलं. मग तिसऱ्याच दिवशी तेल खरंच उतरलं, चाक खरंच जड झालं. बोलाफुलाला गाठ पडावी तसं.

घरी येऊन त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"कुणीतरी मुद्दाम करतंय हे."

"कोण करेल?" बायको भाजी निवडत होती.

"शेजारच्याची गाडी याच बनावटीची आहे. त्याला फुकटचं तेल होतं. नाहीतर तुझे जावई. बाबा, गाडी विका, बाबा, गाडी विका. दुसरं गाणं येतं का त्यांना?"

"जावई कशाला तेल काढायला येतील हो? त्यांना बॉनेट उघडता येत नाही."

"नाटक असेल."

ती हसली नाही. देठ मोडत राहिली. "नका नेऊ गाडी सोमवारी. जुनी झालीय ती."

"मी धरून दाखवतो चोर. मग बघ."

संध्याकाळी त्यांनी तेल खुणेपर्यंत भरलं, झाकण फिरवून घट्ट केलं आणि त्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरला. ज्याचा हात लागेल त्याची बोटं उमटतील. सकाळी नेहमीसारखे तासभर फिरून ते परत आले ते थेट गाडीपाशी.

बॉनेट वर केलं. झाकणावर बोटं नव्हती. पावडरही नव्हती. झाकण लखलखीत पुसलेलं होतं, कडेच्या खाचेतली बारीक धूळसुद्धा काढलेली. आत तेल बोटभर उतरलेलं.

काका वाकलेलेच राहिले.

भोपूने आयुष्यात झाकण पुसलं नव्हतं. त्यावरून किती वेळा त्याला झापलं होतं. शेजाऱ्याला ही डबी कुठे असते तेही ठाऊक नव्हतं. चोरटा हात झाकण कशाला पुसेल? त्याला घाई असते. डबीत धूळ पडू नये, पंपाला त्रास होऊ नये, एवढी माया कोणाला?

फार वर्षांपूर्वी एका रात्री नवी नवरी पेटती बॅटरी धरून उभी होती. अँब्युलन्सचं बॉनेट उघडं होतं. तिने झाकणाला हात घातला तसे ते केवढ्याने खेकसले होते. आधी पूस, मग उघड! ती दचकली होती. बॅटरीचा उजेड भिंतभर थरथरला होता. नंतर वर्षानुवर्षं बॅटरी तीच धरायची. पुन्हा कधी सांगावं लागलं नव्हतं.

ते जिना चढून वर आले. बायको न्हाणीघरात होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत, नातीला लहानपणी औषध पाजायची ती प्लॅस्टिकची सिरिंज धुऊन उपडी ठेवली होती. नळीच्या तोंडाशी फिकट लाल कड राहिली होती. वरच्या फळीवर, रिकाम्या बरण्यांच्या मागे, एक बरणी रिकामी नव्हती.

काकांनी तिला हात लावला नाही. स्टुलावर बसले. डावा डोळा झाकून त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग उजवा झाकून. उजवा झाकला तेव्हा दाराच्या चौकटीचा डावा खांब धुक्यात गेला. महिन्याभरापासून जात होता. पाण्याच्या टाकीच्या वळणावर चाक हलकंच होतं. सायकलवाली दिसलीच नव्हती.

त्यांनी फोन उचलून मुलीला लावला.

"अगं, सोमवारचं जमणार नाही. शाळेची बस सांग."

"का हो बाबा? बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय? गाडीचं स्टिअरिंग. भोपूलासुद्धा सापडेना. पोरीला घेऊन जायचं म्हणजे... नको."

न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला होता.

रविवारी सकाळी ते पुन्हा खाली गेले. आदल्या दिवशी त्यांनी तेल भरलं नव्हतं. बरण्यांकडे बघितलंही नव्हतं. फडकं खिशातून काढलं, पण पुसायला काही नव्हतं. पट्टी वर घेतली. तेल बरोबर खुणेवर. केसभर वर नाही, केसभर खाली नाही.

त्यांनी गाडी चालू केली. चाक डावीकडे पूर्ण. उजवीकडे पूर्ण. एका बोटाने फिरलं. पंपाने हूं की चूं केलं नाही. मग चाक सरळ केलं आणि किल्ली काढून ते वर आले.

बायको गॅलरीत चादर पिळत होती. त्यांच्याकडे पाठ होती.

"लागलं का हलकं?" तिने विचारलं.

किल्ली त्यांनी खिळ्याला अडकवली.

"छे. जडच आहे अजून."

ती वळली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि चादरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. "मग हे धरा."

त्यांनी डावीकडे पीळ दिला, तिने उजवीकडे.