चव बघणारी आई

आमच्या बचत गटाची खिचडी मरोळहून टेम्पोतून निघते आणि आरेतल्या पाड्याच्या शाळेत उतरते, तेव्हाही टोपाला नुसता हात लावायची सोय नसते. शाळेचा नियम असा, की पोरांना वाढायच्या आधी बाईंनी आणि कुणातरी एका आईनं ती खाऊन बघायची. मधुवंती बाई चमचाभर खातात. आया लाजतात, तळहातावर चार शितं घेतात आणि मान डोलावतात. वनमालाला मात्र आमच्या गटातली सुगंधाताई थाळीभर वाढायची.

हे काही ठरवून झालेलं नव्हतं. वनमालाची मुलगी ऋतिका दुसरीत. एकदा वनमालाचा नंबर आला. पोट चांगलंच दिसायला लागलं होतं तिचं. एक घास खाल्ला आणि ती भिंत धरून खाली बसली.

"काय गं, सकाळपासून काय खाल्लंस?" सुगंधाताईनं विचारलं.

"चाय."

"आणि काल रात्री?"

वनमाला नुसती हसली. ते हसणं मला ओळखीचं होतं. माझा सम्यक पोटात असताना, आमच्या घरात दोघांचेही पगार थांबले होते तेव्हा, मीही असंच हसायचे. सुगंधाताईनं थाळी शिगोशीग भरली. "एका घासात काय चव कळते? नीट खाऊन सांग."

तेव्हापासून ज्या आईला यायला जमायचं नाही, तिच्या जागी वनमाला यायची. आणि पाड्यातल्या आयांना, काय सांगू, कधी जमायचंच नाही. कुणाचं लाकूड, कुणाची धुणीभांडी. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी सगळ्या जणी समजून होत्या. मधुवंती बाईसुद्धा. त्या तेवढा वेळ फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

घरी जे शिजायचं ते आधी गुणाजीच्या ताटात, मग ऋतिकाच्या. गुणाजी म्हणजे वनमालाचा नवरा, कुडाळकडचा. आरेत गुरांच्या युनिटवर कामाला होता, ते काम सुटलं. दारूला शिवत नाही हो, असं पाड्यात सगळे कौतुकानं सांगायचे. वनमालाही सांगायची.

त्या दिवशी पोरं व्हरांड्यात रांगेनं बसली होती, रिकाम्या ताटल्या वाजवत. वनमाला पाण्याच्या टाकीमागं सावलीत थाळी घेऊन बसली होती. मी डाव घेऊन टोपाशी उभी. घरी सम्यकला सासूबाईंकडे ठेवून आले होते, दूध पाजायची वेळ उलटत आली होती आणि छाती दगडासारखी झाली होती. लवकर वाढावं, लवकर निघावं, एवढंच डोक्यात.

फाटक धाडकन आपटलं. गुणाजी सरळ टाकीमागं गेला. त्याला वाट दाखवावी लागली नाही.

"खाता! बघा, माझी बायल पोरांच्या वाट्यातला खाता!"

थाळी त्यानं लाथेनं उडवली. तिची कड वनमालाच्या तोंडावर बसली. ओठ मधोमध फाटला. ती काही म्हणायच्या आत त्यानं तिचा अंबाडा मुठीत धरला आणि फरफटत अंगणात आणलं.

"घोवाक जेवूक घालूक येणा नाय, म्हणून गावभर सांगतंस काय गो?"

"मी कोणाक काय सांगूक नाय. आईशप्पत नाय..."

"मग चेडू काय खोटा बोलता? काल माका इचारता, बाबा, तू पण ये शाळेत, आईक ताट भरून देतत!"

ऋतिका रांगेतून उठली. ताटली हातात तशीच. आपल्या बोलण्यानं काय झालं, हे त्या एवढ्याशा पोरीला तिथं, सगळ्या वर्गासमोर कळलं. ती धावली आणि बापाच्या मनगटाला चावली. त्यानं हात झटकला. पोर व्हरांड्याच्या पायरीवर आपटली. डोकं लागल्याचा आवाज मी ऐकला.

सुगंधाताईनं त्याला मागून कवेत धरलं. "अरे भडव्या, पोटुशी आहे ती!" त्यानं कोपर मारलं. ताईचा चष्मा गेला, नाकातून रक्त आलं, तरी तिनं सोडलं नाही. तो पाय झाडत होता. एक लाथ वनमालाच्या कमरेत बसली. वनमाला पोटाभोवती दोन्ही हात घेऊन गोळा झाली. दुसरी लाथ टोपावर बसली. टोप कलंडला. गरम खिचडी अंगणभर गेली आणि माझ्या डाव्या पावलावर पसरली.

भाजल्याचं कळलं नाही मला. त्याचा पाय पुन्हा मागं गेलेला दिसला, पोटाच्या दिशेनं. एवढंच दिसलं.

डाव जड असतो आमचा, पन्नास पोरांना वाढायचा. पहिला मी त्याच्या नडगीवर हाणला. तो वाकला. दुसरा खांद्यावर. तिसरा कानावर, तेव्हा तो गुडघ्यांवर आला. तिथं थांबायला हवं होतं. तो दोन्ही हात डोक्यावर धरून "नको गो, नको गो" म्हणत होता आणि मी त्या हातांवर मारत होते. बोट मोडल्याचं डावातून माझ्या हाताला कळलं. तरी पुन्हा मारलं. पाठीमागं पोरं किंचाळत होती. माझ्या पोराच्या वयाची कुणाची तरी भावंडं असतील त्यात, ताईच्या कडेवर आलेली. त्या रडण्यानं मला पान्हा फुटला. ब्लाउज भिजून साडीपर्यंत ओल आली. एकीकडं दूध वाहत होतं आणि एकीकडं मी एका माणसाला मारत होते.

"चेतना! मरेल तो! सोड!" मधुवंती बाईंनी माझा हात धरला.

गुणाजी भिंतीला टेकून बसला. कानातून रक्त येत होतं. आता कुणीच त्याला धरून ठेवलं नव्हतं, तरी तो उठला नाही. ढसाढसा रडला. "माका कोणी इचारल्यानी?" एवढंच म्हणत राहिला. "मी काय खाल्लंय, माका कोणी इचारल्यानी?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी डाव पुन्हा उचलावासा वाटला.

बाईंनी पोलिसांना फोन लावला, रिक्षा बोलावली. सुगंधाताईनं ऋतिकाच्या कपाळाला ओला पदर दाबून धरला. टेंगूळ आलं होतं, डोळे नीट होते. वनमालाच्या पोटावर मी हात ठेवला. बराच वेळ काहीच नाही. मग आतून एक ढुशी आली.

"हलतंय," मी म्हणाले.

"हलतला. भूक लागली असतली त्याका," वनमाला म्हणाली.

टोपात अर्धी खिचडी उरली होती. पोरं पुन्हा रांगेत बसली होती, कुणी न सांगता. भूक लागली होती ना त्यांना. कुणी ताटली वाजवत नव्हतं.

"आज राहू दे चव. वाढा तुम्ही," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली करून, "आणि उद्यापासून मीच बघेन. आयांना नको बोलवायला. साहेब विचारतील, शाळेत हे काय चाललंय."

मी डाव धुऊन आणला. टोपात घातला, तर वनमाला टाकीला धरून उठलेली. ओठ सुजून बाहेर आला होता, हनुवटीवर रक्त सुकलं होतं. रिक्षावाला फाटकाशी हॉर्न वाजवत होता.

ती टोपाजवळ येऊन मांडी घालून बसली. टाकीमागं नाही. मधोमध, पोरांसमोर, नवऱ्यासमोर.

"वनमाला, अगं दवाखाना आधी," बाई म्हणाल्या.

"आज माझो नंबर हा."

मी तिच्या हातावर घास ठेवला. गरम खिचडी फाटलेल्या ओठाला लागली आणि तिचे डोळे भरून आले. तिनं चावलं. गिळलं. सगळी पोरं तिच्या तोंडाकडं बघत होती.

"रगताचीच चव येता," ती म्हणाली. "माका काय कळाक नाय. आणखी घाल."

मधुवंती बाई तिच्याकडं बघत उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी फळ्याकडे तोंड केलं नाही. मी थाळी घेतली.