काचेवरची पेन्सिल

टेबलावर फोटोंच्या अकरा काचा, म्हणजे निगेटिव्ह, होत्या. सात पायांच्या, तीन हातांच्या आणि एक गिरणीच्या रंगखात्यातल्या हौदाची. हातापायांच्या दहाही काचांत शेजारी एक लाकडी फूटपट्टी ठेवलेली होती, कारण फोटो काढणाऱ्याला मापाशिवाय चैन पडत नसे. पट्टीवरच्या बारीकातल्या बारीक रेघाही स्वच्छ उमटल्या होत्या. आणि दहांपैकी एकाही काचेवर एकही जखम नव्हती.

गुरप्पा कळशेट्टीने त्या पुन्हा एकेक करून खिडकीकडे धरल्या. त्यात नवं काही दिसायचं नव्हतं. टेबलापलीकडे काशम्मा उभी होती आणि तिने आत्ताच त्याच्यासमोर छापील फोटोंचा गठ्ठा आपटला होता.

"बघा की," ती म्हणाली. "लगीन ठरवायला पाठवायचे व्हते का आमचे पाय?"

काशम्मा रंगखात्यात सूत धुवायची. सोडा आणि ब्लिचिंगच्या पाण्यात दिवसभर अनवाणी उभं राहायचं. तिथल्या कुठल्याही बाईच्या पायाची सालं निघालेली असत, घोट्याखाली जखमा चिघळलेल्या असत. बायकांनी रबरी बूट आणि हौदापुढे लाकडी फळ्या मागितल्या. गिरणीच्या डॉक्टरने लिहून दिलं, की एकाही बाईच्या पायाला इजा नाही. पुण्याहून सरकारी तपासणीसाहेब आले, त्या दिवशी खराब पायांच्या सगळ्या बायकांना गिरणीने पगारी सुट्टी दिली. एरवी बाळंतपणाला सुट्टी देताना ज्यांचा जीव जायचा, त्यांनी! साहेबांनी धडधाकट पायांच्या बायका पाहिल्या, चहा घेतला. मुक्काम अजून आठवडाभर होता, तेवढ्यात काही पुरावा असेल तर आणा, म्हणाले.

म्हणून रविवारी बायका स्टुडिओच्या परसात आल्या होत्या. पुण्याला रसायनशास्त्र शिकून आलेल्या गुरप्पाने आपल्या वाटणीची रक्कम शेखलालच्या या स्टुडिओत घातली होती, तीही एका अटीवर: आठवड्यातले निम्मे दिवस लग्नाची जोडपी आणि बारशी, निम्मे दिवस शहराचे फोटो. नळावरच्या रांगा, चाळीतल्या खोल्या, गिरणीचं गेट. मग वाचनालयात ते टांगायचे आणि लोकांना बघायला बोलवायचं. सोलापुरात त्यांची थट्टा व्हायची. हसणाऱ्यांकडून पैसे घेतात आणि रडणाऱ्यांचे फोटो काढतात, असं लोक म्हणत.

रविवारी संध्याकाळी गुरप्पाने काचा धुऊन वाळत ठेवल्या आणि आत्याच्या घरच्या कार्याला दुधनीला गेला. गुरुवारी परतला तोवर शेखलालने नेहमीच्या घाईत फोटो छापून साहेबांकडे पोचवले होते.

"गिरणीच्या मॅनेजरनं सायबासमोर फोटो पसरले," काशम्मा सांगत होती. "म्हणाला, मेंदी लावा या पायांना. सगळे हासले. मग मला आत बोलावलं आन् खोटी तक्रार केली म्हणून कामावरनं काढलं. पयलं नाव माजं व्हतं ना." तिचा आवाज चढला. "आण्णा, तो तर आमाला खोटं म्हणतोयच. पर तुमी का म्हणलं?"

 गुरप्पाने भिंग उचललं आणि काशम्माच्या पायाची काच टेबलावर तिरकी धरली. तिरप्या उजेडात ते दिसलं. घोट्याखाली बारीक, एकावर एक, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्या काय आहेत ते त्याला लगेच कळलं. 

तो दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

वरच्या खोलीत, पडद्याआड, शेखलालची थोरली बहीण चांदबी टचिंगला बसायची. समोर तिरपी चौकट, मागे आरसा, हातात सुईसारखी टोकदार पेन्सिल. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सुरकुत्या हे सगळं ती काचेवर भरून काढायची. सोलापुरातल्या निम्म्या नवऱ्यामुली तिने गुळगुळीत केल्या होत्या, पण त्यांतली एकही तिने डोळ्यांनी पाहिली नव्हती. दुकानाचा रिवाज असा, की धुतलेली प्रत्येक काच वाळली की वर जायची आणि वरून सुधारून खाली यायची. त्यात कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही.

"आपा, रविवारच्या काचांना तुम्ही हात लावलात?"

"हौ, लावला." तिने मान वर केली नाही. "लई खराब होत्या. दोन दिवस गेले माझे. तुमच्या औषधात काही तरी गडबड झाली बघा, सगळ्या पायांवर डाग पडलेले."

"डाग नव्हते ते. जखमा होत्या."

पेन्सिल थांबली.

"जखमा?"

"सोड्याच्या पाण्यानं झालेल्या. त्या दाखवायलाच फोटो काढले होते. तुम्ही त्या बुजवल्यात आणि एका बाईचं काम गेलं."

"मग मला सांगितलं का कुणी?" चांदबी उसळली. "इथं तर दुनिया उलटी येते बाबा. काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची. मला काय ठाऊक जखम कुठली नि डाग कुठला? बी. एस्सी. झालात, दोन वर्षं माझ्या हाताखालून काचा काढताय, आणि एकदा वर येऊन सांगवलं नाही, आपा, याला हात नक्को लावू म्हणून! आपल्या दुकानातनं एक बाई कधी कुरूप होऊन गेली नाही. मी वाईट केलं का?"

गुरप्पा रागाने वर आला होता आणि आता तो राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. फूटपट्टी ठेवायला तो विसरला नव्हता. उजेड मोजायला विसरला नव्हता. फक्त या खोलीत माणूस बसतं हे विसरला होता.

"पेन्सिल पुसता येते," तो म्हणाला. "टर्पेंटाईननं."

"ते मला शिकवू नका." तिने फडताळातून बाटली काढली, कापूस घेतला आणि मग खुंटीवरचा बुरखा ओढला. "पण इथं पुसून काय उपयोग? तो मॅनेजर म्हणेल, काल नव्हत्या त्या जखमा आज कुठनं आल्या. टांगा बोलवा. ती बाई कुठं आहे?"

"खाली."

"चला तर."

साहेब उतरले होते त्या डाकबंगल्याच्या व्हरांड्यात शिपायाने काशम्माला अडवलं. बाया बाहेर, असा हुकूम होता. चांदबीला मात्र बुरखा पाहून त्याने खुर्ची दिली. गुरप्पा काचांची पेटी घेऊन आत गेला. साहेबांशेजारी मॅनेजर पान चघळत बसला होता.

"या, या, बी. एस्सी.," तो म्हणाला. "आज कुणाचे पाय आणलेत?"

गुरप्पाने जे झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही. मॅनेजर टाळी वाजवून हसला.

"ऐकलंत साहेब? स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय, की काचा बदलतात! आज पेन्सिल पुसतील, उद्या शाई लावतील. यांचा धंदाच तो."

"पेन्सिल माझी आहे," दारातून आवाज आला. चांदबी आत आली होती. तिने कुणालाच विचारलं नव्हतं. "पंधरा वर्षं मी हेच करते. साहेब, यांच्या बायकोचा फोटो आमच्याकडेच काढलेला आहे. त्यात काय काय भरलं ते सांगू का?"

मॅनेजरचं पान तोंडात तसंच राहिलं. साहेबांनी रुमाल ओठांना लावला.

चांदबीने काशम्माच्या पायाची काच टेबलावर ठेवली आणि कापसाने घोट्याखालचा भाग हळूहळू पुसला. कापूस करडा झाला. साहेबांनी काच खिडकीकडे धरली. काचेवर सगळं उलट असतं, त्यामुळे जिथे पाय काळसर होता तिथे आता एक वेडावाकडा पांढरा तुकडा दिसू लागला. त्यातून बाहेरचं ऊन आत येत होतं.

"चुलीवर भाजलं असेल," मॅनेजर म्हणाला. "नाहीतर आणखी काही. काचेवर काय, कुणीही काहीही खरवडेल. ही बाई खोटी आहे साहेब, आमच्या डॉक्टरनं लिहून दिलंय."

"आमचे पाय हितं हायत की!"

काशम्मा शिपायाला ढकलून आत आली होती. "इतके दिस झाले, तुमी फोटो बघताय, कागूद बघताय, डाक्टरचं बघताय. मी भाईर उभी हाय. एकानं तरी म्हणलं का, बाई, पाय दाखीव?" तिने रिकामी खुर्ची ओढली, पाय वर ठेवला आणि लुगड्याचा काठ बोटभर उचलला. "बगा आता."

"हे कसले चाळे!" मॅनेजर उठला. "बायकांनी पाय असे—"

"बसा," साहेब म्हणाले.

त्यांनी गुरप्पाकडे हात केला. गुरप्पाला क्षणभर कळलं नाही त्यांना काय हवं आहे. मग त्याने पेटीतून लाकडी फूटपट्टी काढून दिली. फोटोत होती तीच.

साहेबांनी आधी काच घेतली, भिंग लावलं आणि फोटोतल्या पट्टीच्या रेघा मोजून कारकुनाला आकडा सांगितला. मग ते खुर्चीपुढे वाकले. काशम्माने पाय हलवला नाही. खोलीत टर्पेंटाईनचा वास होता आणि त्याखाली दुसरा एक वास होता, जो आत्तापर्यंत कुणाच्या लक्षात आला नव्हता. मॅनेजरने नाकाला रुमाल लावला. साहेबांनी पट्टी घोट्याखाली धरली, एकदा उभी आणि एकदा आडवी, आणि कारकुनाला म्हणाले, "लिहा."

कारकुनाने लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"उजवा पाय, घोट्याखाली अर्धा इंच. रविवारच्या काचेवर जखमेची लांबी सव्वा इंच. आज, गुरुवारी, पायावर पावणेदोन इंच."