झांबियातली तिसरी बोअर

प्रकाशभावजींनी झांबियात जमीन घेतल्यापासून आमच्या ऑकलंडमधल्या अल्बनीच्या घरात दुसरा विषय नाही. भावजी तिकडे खड्डे खणणार आणि त्यांचा दादा, म्हणजे माझा नवरा शिरीष, इकडे सोफ्यावर बसून पाइपाचा उतार ठरवणार. दोघेही इंजिनिअर, त्यामुळे बोलायची सोय नाही. कुंपण झालं, रस्ता झाला, तो पावसात वाहून गेला, परत झाला. पाणी मात्र लागेना. दोन बोअर कोरड्या गेल्या. तिसरीला लागलं, पण ते टेकडीवरच्या टाकीपर्यंत चढलं नाही, तर जमीन विकून ऑकलंडला यायचं असं भावजींनी कबूल केलं होतं. तेव्हापासून ते फोनवर हसेनासे झाले होते.

मुहूर्त दसऱ्याचा. बटण घरातल्या मोठ्यानेच दाबायचं, हा माझ्या जावेचा, कांचनचा हट्ट. म्हणून शिरीषने पंप आपल्या फोनला जोडून घेतला. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळचं लख्ख ऊन. वर रेशमी कुर्ता, खाली शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा थाटात त्याने डेकवर नारळ फोडला आणि बटण दाबलं.

काही नाही. परत दाबलं, तरी पंप ढिम्म. शिरीषने आधी वायरवर संशय घेतला, मग पंपवाल्यावर, मग माझ्यावर, कारण मी शेजारी उभी होते. व्हिडिओ कॉलवर भावजी पाइपाच्या तोंडात वाकून बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात आमची सिद्धी फोनमध्ये डोकावली. "डॅड, व्हाय इज द पॅनल वेअरिंग अ सारी?"

दसऱ्याला अवजारांची पूजा, म्हणून कांचनने सोलर पॅनलला हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि वरून स्वतःचा लग्नातला शालू पांघरला होता. दोघा इंजिनिअरांनी त्याच शालूला मनोभावे हात जोडले होते! उन्हावर चालणाऱ्या वस्तूला उन्हापासून झाकून तिची पूजा करावी, तर आमच्याच घराने.

कांचनने धावत जाऊन शालू ओढला. शिरीषने बटण दाबलं. टेकडीवरच्या टाकीजवळ पाइप गुरगुरला, लाल चिखल थुंकला आणि धो धो पाणी आलं. भावजी कपड्यांसकट त्याखाली उभे राहून नाचायला लागले. इकडे शिरीषही असा नाचला की एक जँडल कुंपणापलीकडे गेली. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

"दादा, आता मी येत नाही," भावजी ओरडले.

"येऊ नकोस रे," शिरीष म्हणाला.

भाऊ जवळ राहायला येणार म्हणून वर्षभर ऑकलंडच्याच टाकानिनी भागात घरं बघत हिंडणारा हाच माणूस. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि नाच काही थांबत नव्हता.