हडकुळीची उजवी बाही

केशरी, केशरी, अवघं केशरी. पाऊस नुकताच सरला होता आणि मेक्सिको शहरातल्या त्या दाटीवाटीच्या वस्तीवर सुवर्णकांती ऊन उतरलं होतं. गल्लीगल्लीत झेंडूच्या राशी, उंबऱ्याउंबऱ्यावर धुपाची निळी वळणं.

त्या उन्हात ती उभी होती: अस्थिमयी, शुभ्रदंती, सदाहासिनी सांता मुएर्ते. मरणाची संतीण. आपल्याकडे मरण रेड्यावर बसून येतं. तिथं ते पायी येतं, बाई होऊन येतं. एके काळी लोक तिला पाद्रीबाबांच्या धाकानं कपाटात दडवून पुजत. मग ती खिडकीत आली, मग गल्लीच्या तोंडाशी, काचेच्या देव्हाऱ्यात. आता टॅक्सीवाले, भाजीवाल्या, तुरुंगातून सुटलेले, सगळे येतात, सिगारेटचा धूर तिच्या तोंडावर सोडतात आणि लाडानं हाक मारतात, "हडकुळे!"

तिचे झगे शिवायची एलोदिया. म्हातारी, जाड चष्म्याची, जिभेनं तिखट. मरणाचा खांदा किती अरुंद, कंबर किती बारीक, हे तिच्या बोटांना पाठ होतं. काही खात जा गं, असं ती मापं घेताना दटावायची. हडकुळी नुसती हसायची. तिला दुसरं येतं काय!

यंदाच्या मृतांच्या सणाचा झगा मोतिया रंगाचा, चांदणझळाळीचा. पण उजवी बाही काही लागेना. गल्लीनं विचारलं, तर जुळता दोरा मिळत नाही म्हणाली, आणि तसाच एका बाहीचा झगा देवीच्या अंगावर चढवला. खरं कारण घरात खाटेवर होतं: तिचा नवरा सेफेरीनो, धापेनं पोखरलेला. हडकुळी जीव कापायचा विळा धरते तो उजव्या हातात. आणि अर्धी उघडी बाई कामाला बाहेर पडते थोडीच? बाही नाही तोवर नवरा आहे. एलोदियाचा हट्ट वेडा होता, आणि मायेचा होता.

झेंडू सुकत गेला. सेफेरीनोला आडवं होता येईना, बसवेना. श्वास आत जाईना, बाहेर येईना. एका दुपारी त्यानं तिचा सुईनं टोचटोचलेला हात हातात घेतला.

"लाव गं ती बाही," तो म्हणाला. "तिला थंडी वाजत असेल. आणि मी थकलोय."

एलोदिया रडली. पोटभर रडली. मग नाक पुसून तिनं सुईत दोरा ओवला.

सांजवेळी देव्हारा उघडून तिनं अंगावरच बाही शिवली, टाक्याला टाका भिडवत. हाडाचं ते मनगट गार होतं. नव्या सुनेचं धरावं तसं तिनं ते क्षणभर धरून ठेवलं.

"सावकाश ने गं त्याला," ती कानाशी म्हणाली. "डावा गुडघा दुखतो त्याचा. जिना आला की थांबायचं."

बाही तिनं जरा सैलच ठेवली होती. म्हाताऱ्याला आधार देऊन न्यायचं, तर हात मोकळा हवा. ऊन गेलं, केशर गेलं, गल्ली काळोखात बुडाली. आणि ती मोतिया, नवीकोरी बाही घरच्या दिशेनं मंद मंद हलत राहिली.