ब्रेक माझा, पाय अण्णांचा

मित्रांनो, माझा एक आरसा केव्हाच तुटला आणि दुसऱ्यात नुसते आभाळ दिसते. त्यामुळे मी म्हातारी झाले हे मला लोकांकडूनच कळले. पेट्रोल पंपावर गेले की पोरे हसतात. "अय्यो, ही अजून चालते?" म्हणतात. चालते म्हणजे काय! जरा तिरकी करावी लागते, दोन-चार किका माराव्या लागतात, थोडा धूर सोडते, पण चालते. बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या मल्हारराव जाधवांची मी स्कूटर. रंग मूळचा निळा. आता तुम्ही म्हणाल तो.

आज मात्र माझे चित्त थाऱ्यावर नाही. मालकांच्या निवडणुकीचे मतदान झाले, निकाल अजून यायचा आहे, आणि मी जिन्याखाली उभी राहून नुसती तळमळते आहे. माझ्यासारखीला निवडणुकीशी काय करायचे, असे तुम्हाला वाटेल. ऐका तर खरे.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट बघावी लागत असे. मल्हाररावांनी अशीच वाट बघून मला घरी आणले. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी मला ओवाळले आणि मग माझ्यावर एका बाजूला पाय सोडून अशा बसल्या, की जणू पालखीतच बसल्या. मालकांना सगळी पेठ अण्णा म्हणायची. जाधवांचे घराणे शहाजीराजांच्या वेळेपासून इकडचे. घरात मराठी, दारात कन्नड आणि रागावले की दोन्ही.

पुढे अण्णा नगरसेवक झाले, आणि मीही झाले म्हणा ना! नळ फुटला, चला. कुणाला दवाखान्यात न्यायचे, चला. माझा फटफटाट वळणावर ऐकू आला की बायका हंडे घेऊन तक्रारीला दारात येत. अण्णा मला बंद न करताच ऐकून घेत, आणि माझ्यामुळे त्यांना निम्मेच ऐकू येई. तरी कामे होत. लोक त्यांना दुवा देत आणि जाता जाता माझ्या सीटवर थाप मारत. त्या थापा मी अजून विसरले नाही.

मग दिवस फिरले. अण्णांनी राजकारण सोडले, सोयराबाई गेल्या, आणि माझ्यावर ताडपत्री आली. कबुतरांनी मला आपली मालमत्ता समजून जे करायचे ते केले. त्यातून मला बाहेर काढले ते अण्णांच्या नातीने, संयोगिताने. ती व्हाइटफील्डला कंपनीत कामाला आहे. कामाला मेट्रोने जाते, पण सुट्टीच्या दिवशी मला पुसून, तेलपाणी करून हिंडवून आणते. यंदा माझी नोंदणी संपली तेव्हा तिनेच मला आरटीओत नेले. तिथल्या साहेबांनी मला पळवले, पांढऱ्या पट्टीवर थांबवले, हॉर्न वाजवला, दिवा लावून पाहिला, ब्रेक दाबून दाबून पाहिला आणि पास केले. म्हातारपणी परीक्षा पास होण्यातली मजा तुम्हा मुलांना नाही कळायची.

त्याच सुमारास वॉर्डाची निवडणूक जाहीर झाली आणि ऐंशी वर्षांचे अण्णा म्हणाले, "मी उभा राहतो." गल्लीत गटाराचे पाणी घरात शिरत होते, कुणी दाद घेत नव्हते, आणि घरी बसून अंगाला गंज चढतो, असे त्यांचे म्हणणे. गंजाचे मला ठाऊक आहे, म्हणून मला ते पटले.

समोर उभा राहिला रविकिरण. तिशीतला, हसरा, भराभर चालणारा. पोरगा वाईट नव्हता, पण जीभ धारदार. एका सभेत तो म्हणाला, "अण्णा मला अज्जासारखे, आजोबांसारखे आहेत. पण आपण आपल्या अज्जाला गॅसची टाकी उचलायला लावतो का?" लोक पोट धरून हसले. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

अण्णांचा प्रचार बघायचा विश्वेश्वर. त्याने लगेच घोषणा काढली: 'वय बघू नका, काम बघा.' पोस्टरवर माझ्यावर बसलेले अण्णा छापले. "अण्णा, आयुधपूजेला स्कूटरची पूजा करायची आणि तिथूनच रॅली काढायची. सगळ्यात पुढे तुम्ही. कोण म्हणतं म्हातारे, बघूच!"

मित्रांनो, हे ऐकल्यापासून मला एकच घोर लागला. कारण मला एक गोष्ट माहीत होती. अण्णांचे डोके अजून चाकूसारखे होते, हात स्थिर होते, पण ब्रेकवरचा उजवा पाय बदलला होता. पूर्वी मनात आले की पाय पडायचा. आता मन आधी पोहोचायचे आणि पाय मागून यायचा. थोडाच मागून. ताडपत्री निघाल्यापासून ते अधूनमधून माझ्यावरून एखादी फेरी मारत, पण रिकाम्या गल्लीत तो उशीर कुणाच्या ध्यानात येत नव्हता. अण्णांच्याही नाही.

सांगणार कशी? मला हॉर्न आहे, वाचा नाही.

आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा, दिवस उजाडला. आमच्या शहरात त्या दिवशी गाड्यांचा थाट नवऱ्यामुलासारखा असतो. मला धुतले, हळदकुंकू लावले, हँडलला केळीचे खुंट बांधले, शेवंतीचा हार घातला. रस्त्यात कुंकू भरलेला कोहळा फोडला. शेवटी चाकांखाली लिंबे ठेवली. मालकाने गाडी सुरू करायची, लिंबे चिरडायची आणि लगेच थांबायचे, अशी रीत. वीतभर पुढे जायचे असते, इतकेच.

अण्णा बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, विश्वेश्वर मोबाइलवर चित्रण करत होता. समोर जरा अंतरावर ठकुबाई शेवंतीची टोपली घेऊन बसली होती. ती निपाणीकडची, रोज त्याच जागी फुले विकणारी. अण्णांनी गियर टाकला. लिंबे फुटली. थांबा अण्णा, थांबा, असा माझा सगळा पत्रा ओरडत होता. पाय आला नाही. आणि आला तेव्हा माझे पुढचे चाक ठकुबाईच्या टोपलीत होते.

ठकुबाई बाजूला कलंडली म्हणून वाचली. तिचा कोपर सोलवटला. फुले रस्ताभर झाली. दोघे-तिघे तिला उठवायला धावले. मग विश्वेश्वरच ओरडला, "ब्रेक लागला नाही! जुनी गाडी, ब्रेकच लागला नाही!"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिले. अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग लोकांकडे, आणि म्हणाले, "होय. वय झालं तिचं. आता मोडीत काढायला पाहिजे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कालपर्यंत 'वय बघू नका' म्हणत फिरणारा माणूस, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा त्याला माझे वयच दिसले! मला राग आला, आणि खरे सांगते, रागापेक्षा रडू जास्त आले. इतकी वर्षे ज्याला पाठीवर नेले, त्याने एका वाक्यात मला भंगार केले. त्यातून भीती अशी, की हे खोटे खपले तर अण्णा उद्या दुसरी गाडी घेऊन पुन्हा रॅलीच्या पुढे बसतील. आणि समोर प्रत्येक वेळी फुलांचीच टोपली असेल असे थोडेच आहे?

रॅली रद्द झाली. दुसऱ्या दिवशी विश्वेश्वरने भंगारवाल्याशी बोलणे केले. "आणखी बभ्रा व्हायच्या आत ही दारातून गेली पाहिजे," म्हणाला. संयोगिता म्हणाली, "मीच नेऊन सोडते. मी चालवलीय तिला." तिच्या आवाजावरून कळत होते की तिला वाईट वाटते आहे. मी एका किकेत सुरू झाले. शेवटी शेवटी भाव खाण्यात अर्थ नसतो.

गल्लीच्या तोंडाशी एक ऑटो आडवा घुसला. संयोगिताने ब्रेक दाबला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. मागचा टायर किंचाळला, पण एक पाऊल पुढे सरकले नाही. ऑटोवाला "नोडकोंड होगी, अक्का!", म्हणजे 'बघून जा, ताई', असे ओरडून निघून गेला. संयोगिता मात्र तशीच बसून राहिली. मग तिने मला थोडे पळवले, पुन्हा थांबवले. पुन्हा पळवले, पुन्हा थांबवले. आणि भंगारबाजाराकडे न वळता मला घरी घेऊन आली.

अण्णा ओसरीवर चहा घेत होते. विश्वेश्वर शेजारी फोनवर होता.

"अज्जा," ती म्हणाली, "ब्रेक लागतो."

"कधीतरी लागत असेल."

"प्रत्येक वेळी लागतो. आरटीओनं पास केलीय ती. तुम्हीच त्या दिवशी पेढे वाटलेत." तिने किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. "नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही मला लहानपणी म्हणायचात. पाय उशिरा पडला तुमचा. ठकुबाईला लागलं. आणि तुम्ही गाडीचं वय काढलंत? रविकिरणनं तुमचं काढलं तेव्हा तुम्ही जेवला नव्हता, अज्जा."

विश्वेश्वर मध्ये पडला. "अक्का, हे बाहेर बोलू नकोस. एवढ्यानं निवडणूक जाईल."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. उठून माझ्याजवळ आले. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नीट पाहिले. मी स्टँडवर उभी असतानाच माझ्यावर बसले आणि उजव्या पायाने ब्रेक दाबून पाहिला. एकदा, आणखी एकदा. दोन्ही वेळा पाय थोडा मागूनच आला. "माझाच," ते हळूच म्हणाले. इतक्या हळू, की फक्त आम्हा दोघींना ऐकू आले.

प्रचाराची शेवटची सभा अंबाभवानीच्या देवळासमोर होती. मला मुद्दाम व्यासपीठाशेजारी उभे केले होते. अण्णांनी माइक हातात घेतला.

"त्या दिवशी गाडीचा ब्रेक बरोबर होता. माझा पाय उशिरा पडला. मी खोटं बोललो आणि दोष या बिचारीवर ढकलला. ठकुबाई, हात जोडतो." लोकांत कुजबुज सुरू झाली. "आणखी ऐका. 'वय बघू नका' असं मी सांगत होतो. ते चूक. बघा. पण नुसता आकडा बघू नका. या गाडीला ठराविक वर्षांनी तपासतात, मला कुणी तपासत नाही. तुम्ही तपासा. गाडी चालवणं मी आजपासून सोडलं. बाकी काय होतं, काय होत नाही, ते विचारा."

ठकुबाई कोपराला पट्टी बांधून पुढेच बसली होती. ती उठली. "मी इचारते. पावसात आमच्या गल्लीत पाणी आलं, तर तुमी येणार कसं, अण्णा? गाडी तर सोडलीसा."

जुने अण्णा असते तर लगेच शब्द देऊन मोकळे झाले असते. "चालत येईन," ते म्हणाले, "हळू येईन. रात्रीबेरात्री कदाचित येऊच शकणार नाही. पण पाणी काढणारी माणसं कुणाला फोन केला की येतात ते मला माहीत आहे, आणि नाही जमलं तर नाही जमलं म्हणून सांगेन. गाडीवर ढकलणार नाही."

"सरी, बरं हाय," ठकुबाई म्हणाली. "आता ह्योच सवाल त्या रविकिरणाला बी इचारते." आणि खाली बसली.

सभा संपल्यावर विश्वेश्वर कपाळाला हात लावून म्हणाला, "अण्णा, हातानं मतं घालवलीत." कुणास ठाऊक. काही लोक अण्णांच्या पाया पडून गेले, काही त्यांच्याकडे न बघताच गेले. आणि एकजण माझ्या सीटवर थाप मारून गेला.

आज सकाळी मतदान. संयोगिता पुढे, अण्णा मागे. किती वर्षांनी माझ्या मागच्या सीटवर कुणी बसले, आणि तेही कोण, तर मालक! मित्रांनो, मी तुमच्याकडे फार मागत नाही. जुन्या गाडीला नुसती जुनी म्हणून फेकू नका, आणि नुसती जुनी म्हणून हारही घालू नका. किल्ली लावा, चालवून बघा, थांबवून बघा. माणसांचेही तेच. आणि ज्याला तपासायचे त्याच्याशी मायेने वागा, कारण तपासून घ्यायला छाती लागते.

शाळेतल्या मतदान केंद्रासमोर संयोगिताने ब्रेक दाबला. मी थांबले. थांबल्यानंतर जरा वेळाने मागे बसलेल्या अण्णांचा उजवा पाय फूटरेस्टवर जोराने दाबला गेला. सवय, दुसरे काय. अण्णांच्याही ते ध्यानात आले. "बघ," ते नातीला म्हणाले, "अजून उशिराच."

मग माझ्या सीटवर हात टेकून ते सावकाश उतरले आणि मत द्यायला रांगेत उभे राहिले.