आमदारसाहेबांचा डावा कान

मी आमदारसाहेबांचा डावा कान बोलतोय. खरा नव्हे, वरून लावलेला. बोलतोय म्हणजे कुजबुजतोय म्हणा. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही आणि हिंमत तर त्याहून नाही. माझा आकार शेंगदाण्याएवढा, रंग साहेबांच्या कातडीचा. मी कुणाला दिसू नये एवढ्यासाठीच मला घडवलं.

जिथं मी तयार झालो तिथं पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका भिंगातून बघत काम करत. त्यांतल्या एकीनं मला पहिल्यांदा सुरू केलं आणि नेमकी शिंकली. ती शिंक मी ऐकलेला पहिला आवाज. मी इतका किंचाळलो की तिनं मला चटकन बंद केलं आणि शेजारणीला म्हणाली, हे जरा भित्रं दिसतंय. खोटं कशाला सांगू, बाई बरोबर बोलली.

तिथून मी कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटात आलो. एका दुपारी मागच्या दारानं एक जोडपं आलं. गृहस्थांनी मफलर डोळ्यांपर्यंत ओढलेला. यंत्र कुणासाठी, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. मग बाई जे जे विचारतील त्याची उत्तरं बायकोच पटापट देऊ लागली आणि गृहस्थ नुसते हसून मान डोलावू लागले. डॉक्टरीणबाई समजायचं ते समजल्या. त्यांनी मदतनिसाला बाहेर पाठवलं, माप साहेबांच्या कानाचं घेतलं आणि कार्डावर नाव वहिनींचं लिहिलं.

साहेब तेव्हा पाच वेळा निवडून आले होते. आता सहावी खेप संपत आलीय. एवढं लपवायचं कारण मला हळूहळू कळलं. साहेबांच्या आधी त्यांच्या मतदारसंघात एक म्हातारे आमदार होते. त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. तेव्हा तरुण असलेले आपले साहेब सभासभांतून कानामागे हात धरून त्यांची नक्कल करायचे आणि म्हणायचे, ‘‘ज्याला ऐकूच येत नाही तो तुमचं गाऱ्हाणं काय मांडणार?’’ लोक पोट धरून हसले. म्हाताऱ्यांचं तिकीट गेलं, साहेबांना मिळालं. तेव्हापासून साहेबांना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटे. आपल्यापुढं उभं राहून उद्या कुणीतरी तसाच हात कानामागे धरील.

मग वहिनींनी एक युक्ती काढली. त्या चारचौघांत सांगू लागल्या, ‘‘जरा मोठ्यानं बोला हो, मला कमी ऐकू येतं.’’ झालं! घरी आलेला प्रत्येक माणूस त्यांच्यासाठी ओरडून बोले आणि साहेबांचं काम होऊन जाई. पण माणसांची एक खोड असते. समोरचा बहिरा आहे म्हटलं की त्याच्यादेखत त्याच्याविषयी हळू आवाजात बोलतात. वहिनींना ते सगळं ऐकू येई. स्वतःच्या जावा काय बोलतात तेसुद्धा. नऊ वर्षं त्या हसऱ्या चेहऱ्यानं बहिऱ्या राहिल्या.

सभागृहात साहेबांच्या डाव्या हाताला मास्तर बसत. पूर्वी शाळेत शिकवत म्हणून मास्तर. एकाच पक्षाचे, वीस वर्षांचे शेजारी. सभागृहात गोंधळ नेहमीचाच. शंभर माणसं एकदम ओरडू लागली की मला सगळ्यांचा एकच चिखल ऐकू येतो. मग साहेबांनी सवय लावून घेतली. मतदानाला मास्तर उठले की उठायचं, बसले की बसायचं. पक्ष एक, मत एक, म्हणून कधी काही बिघडलं नाही.

परवापर्यंत.

साहेबांच्या मतदारसंघात डोंगराच्या पायथ्याशी बारा खाटांचं एक प्रसूतिगृह आहे. पहिल्यांदा निवडून आल्यावर साहेबांनी भांडून भांडून ते आणलं होतं. आता सरकारनं कायदा आणला की वीस खाटांच्या आतली सगळी प्रसूतिगृहं बंद करायची. साहेबांनी त्या कायद्यात दुरुस्ती सुचवली, की डोंगराळ भागातली वगळावीत. पक्ष नाराज होता. तरी साहेब हटले नाहीत. पंधरा दिवस खपून त्यांनी इकडची तिकडची मतं जमवली. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

माझी बॅटरी दर रविवारी वहिनी बदलत. या रविवारी त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. जाताना नवी बॅटरी साहेबांच्या खिशात घालून, दोनदा बजावून गेल्या. साहेब विसरले.

परवा दुपारी दुरुस्ती मतदानाला येणार, घंटा वाजली, दारं बंद झाली आणि माझ्यातली शक्ती संपत आली. मी साहेबांच्या कानात तीनदा टुकटुक केलं. त्यांनी ओळखलं. हात खिशात गेला, बॅटरी बोटांत आली. पण ती बदलायची तर मला कानातून काढायला हवं. वरच्या सज्जात पत्रकार वाकून बघत होते. साहेबांचा हात खिशातच राहिला, घामेजला. आणि मी? मलाही हायसंच वाटलं, की आपल्याला कुणासमोर काढलं नाही. तेवढ्यात मी बंद पडलो.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं तर नाहीच. स्वच्छतागृहात साहेबांनी बॅटरी बदलली तेव्हा पहिला आवाज ऐकला तो मास्तरांचा. ते हात धुता धुता म्हणत होते, ‘‘शेवटी तुम्हीही शहाणे झालात म्हणायचे.’’

दुरुस्तीच्या विरोधात असलेल्यांनी उभं राहावं, असं अध्यक्ष म्हणाले होते. पक्षाच्या आदेशाप्रमाणे मास्तर उठले. मास्तर उठले म्हणून साहेब उठले. स्वतःच्याच दुरुस्तीच्या विरोधात! ती दोन मतांनी पडली.

साहेब भिंतीला टेकले. त्यांच्या कानशिलाची शीर माझ्या अंगाला लागून धडधडत होती.

काल सकाळी प्रसूतिगृहातली सिस्टर आमदार निवासात आली. सोबत चार बायका, सात तासांचा बसचा प्रवास करून आलेल्या. सिस्टर रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे खुर्चीच्या कडेला बसली.

‘‘साहेब, मोठं इस्पितळ आमच्यापासून अडीच तासांवर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘गेल्या महिन्यात आमच्याकडे अठ्ठावीस जणी बाळंत झाल्या. त्यातल्या सहा तिथवर पोचल्याच नसत्या. तुम्ही विरोधात का उभे राहिलात, तेवढं सांगा. बाकी काही मागायला नाही आलो.’’

साहेब पाणी प्याले. मग म्हणाले, पक्षाचा निर्णय होता. वरून दबाव होता.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि उठल्या. विकला गेलेला माणूस त्यांना समजत होता, त्यांनी असले पाहिलेले असणार. मला मात्र शरमेनं मरून जावंसं वाटलं. लबाड ठरणं साहेबांना परवडत होतं, बहिरं ठरणं नाही. निवडणूक सहा महिन्यांवर आलीय आणि त्यांच्या तिकिटावर डोळा ठेवून तिघं बसलेत.

दारात वहिनी उभ्या होत्या. बातमी वाचून तशाच निघून आल्या होत्या. बायका गेल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, ‘‘बॅटरी ना?’’

साहेबांनी मान डोलावली. वहिनी खिडकीशी गेल्या.

‘‘अहो, नऊ वर्षं तुमच्यासाठी बहिरी झाले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कोण काय म्हणतं ते सगळं ऐकून घेतलं. पण परवा आपली पोर आत कळा देत होती आणि मी बाहेर बसून विचार करत होते, की इथं डॉक्टर आहे म्हणून बरं. आता हे सोंग मला जमायचं नाही. तुमचं तुम्ही बघा.’’

साहेब रात्रभर कूस बदलत होते म्हणे. मी डबीत होतो. आज सकाळी वहिनींनी मला नवी बॅटरी घातली, पुसलं आणि साहेबांच्या हातात दिलं.

आज त्या कायद्यावर शेवटचं मतदान. त्याआधी साहेबांनी वैयक्तिक खुलासा करायची परवानगी मागितली. उभे राहिले. आणि त्यांचा हात माझ्याकडे आला तेव्हा माझं धाबं दणाणलं. त्यांनी मला सगळ्यांदेखत ओढून काढलं. मुठीत दाबला गेलो की मी शिट्टी मारतो, तशी मारली. ती ध्वनिक्षेपकातून साऱ्या सभागृहात घुमली. कुणीतरी हसलं. मग साहेबांनी मला दोन बोटांत धरून वर केलं.

‘‘हे माझं ऐकायचं यंत्र,’’ साहेब म्हणाले. ‘‘परवा ते बंद पडलं. बॅटरी माझ्या खिशात होती, पण तुमच्यासमोर बदलायची लाज वाटली. काय चाललंय ते न ऐकता मी उभा राहिलो. काल मी लोकांना सांगितलं, की दबाव होता. तेही खोटं. माझी दुरुस्ती पुन्हा मताला टाकावी, एवढी विनंती आहे.’’

मागच्या रांगेतल्या एकानं कानामागे हात धरला. साहेबांनी तो पाहिला. ज्याची तीस वर्षं भीती बाळगली तो हात तिथं होता, आणि साहेब खाली बसले नाहीत.

त्यांनी मला परत कानात घातलं. तिसऱ्या खेपेला बसलो. अध्यक्ष चिटणिसांशी बोलले, जाडजूड पुस्तकाची पानं उलटली, आणि विनंती मान्य झाली. घंटा वाजली. दारं बंद झाली.

आता या घटकेला मी जीव मुठीत धरून बसलोय. दुरुस्तीच्या बाजूच्यांनी उभं राहावं, असं अध्यक्ष आत्ताच म्हणाले. मी शब्दन् शब्द पोचवला. साहेब कुणाकडे न बघता उभे राहिले. समोरची बाकं उभी राहिली. पण हिशेब मला कळतो. परवा दोन मतं कमी पडली. साहेबांचं मत फिरल्यानं बरोबरी होईल. बरोबरी झाली की निकाल अध्यक्षांच्या मतावर, आणि ते कुणीकडे पडेल हे सांगायला ज्योतिषी नको. अजून एक माणूस हवा. चिटणीस बोट पुढं करत रांगा मोजतोय. पहिली झाली, दुसरी झाली. पुढची आमची.

साहेब समोर बघताहेत. डावीकडे मान वळवायची नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसतंय. त्यांचा घाम माझ्यापर्यंत आलाय. तुम्हाला माझी एकच विनवणी आहे, क्षणभर आवाज करू नका. मला वाटतं, मास्तरांचं बाक करकरलं.

पुन्हा करकरलं. आता मी गप्प बसतो. मला ऐकायचंय.